हळदीखाली गेलेले आकडे

नेमिनाथ मगदूम लक्ष्मीपुरीत तीस वर्षे विजेची उपकरणे दुरुस्त करीत आहेत. वस्तू उघडण्याआधी ते तिच्या मालकाला प्रश्न विचारतात. घाईतल्या गिऱ्हाइकांना ही पद्धत मानवत नाही. चिमणाबाईंनाही ती आरंभी मानवली नाही.

हातकणंगल्याजवळचे शेत वाट्याने लावून चिमणाबाई मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्या. मुलाने हौसेने आणलेली आणि मग दुर्लक्षिलेली माशांची दोन फुटी पेटी त्यांनी ताब्यात घेतली, तिच्यात पाणवनस्पतींचे दाट रान वाढवले. तिला त्या ‘माझा वाफा’ म्हणत. नेमिनाथांच्या दुकानात त्या आल्या, त्याच्या आठ दिवस आधी पेटीवरच्या एलईडी दिव्याचा अडॅप्टर जळाला होता. अंधारात पाने पिवळी पडून गळू लागली, पाणी नासू लागले. तसा दिवा आता बाजारात मिळत नव्हता.

पिशवीतून त्यांनी दिवा, जळका अडॅप्टर आणि घरातले आणखी दोन अडॅप्टर काढले. “अण्णा, हे दोन्ही बसत्यात की. कुठला लावू तेवढं सांगा.”

“बसतंय म्हणून चालतंय असं न्हाई, आक्का. जुन्यावरचे आकडे कुठं गेले?”

आकड्यांच्या जागी पिवळा, तेलकट डाग होता. खंडेनवमीला मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत घरातल्या साऱ्या यंत्रांची पूजा होते. चिमणाबाईंनी अडॅप्टरलाही हळदकुंकू लावले होते आणि नंतर ओल्या फडक्याने पुसले होते.

“देवाला सोडून वायरीला लावलं व्हय?”

“उजेड देतंय ते! त्याला नको?”

नेमिनाथ हसले, पण त्यांचे कुतूहल चाळवले होते. भिंगातून त्यांनी दिव्यातल्या पट्टीवरचे बारीक एलईडी मोजले. एका ओळीत सात आणि शेवटी वीज आवरणारा एक रोधक. अशा एका पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. सातांचे एकवीस आणि रोधकाचे थोडे, म्हणजे पट्टी चोवीस व्होल्टची असावी. मात्र ‘असावी’वर ते थांबले नाहीत. अधिक-उणे खुणा जुळवून त्यांनी पट्टी व्होल्ट कमीजास्त करता येणाऱ्या टेबलावरच्या यंत्राला जोडली आणि शून्यापासून व्होल्ट चढवत नेले. बाराला अंधार. अठराला मिणमिण. चोवीसला पट्टी उजळली, आणि काटा दीड अँपिअरवर स्थिरावला.

चिमणाबाईंनी आणलेले दोन्ही अडॅप्टर चोवीसचे नव्हते; पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा चोवीस व्होल्ट, अडीच अँपिअरचा अडॅप्टर त्यांनी खोक्यातून शोधला. चिमणाबाई दचकल्या. “अडीच? जास्त हुतंय की! जळंल माझं.”

“टाकी किती उंचावर हाय, ते व्होल्ट. ते तंतोतंत पायजे. टाकीत पाणी किती, ते अँपिअर. ते जादा असलं तर चालतंय.”

“म्हंजे हिरीत पाणी बक्कळ असलं तरी पीक लागंल तेवढंच पितंय.”

“तसंच.”

पिन बदलून झाल्यावर त्यांनी तापल्या खिळ्याने प्लास्टिकवर आकडे कोरले. “आता खुशाल हळद लावा.”

दहा दिवसांनी चिमणाबाई पुन्हा आल्या. पाण्याने भरलेल्या पिशवीत एक देठ तरंगत होता. त्याच्या टोकाला नखाएवढे, पोपटी पान.

“धरलं बघा, अण्णा!”

नेमिनाथांनी पिशवी दिव्यापुढे धरली. पानाच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटले होते. हातातली सोल्डरिंग गन त्यांनी बाजूला ठेवली, स्टूल पुढे सरकवले.

“बसा आक्का. हे बुडबुडे कुठनं येत्यात, पयलं ते सांगा.”