प्रार्थनाचे सहा महिने

राहुरीच्या प्रार्थनाला भागीदारीची गणितं चांगली जमायची. बारावीच्या पुस्तकात अ, ब आणि क असे भागीदार असत. त्यातला कुणी मरे, कुणी निवृत्त होई, आणि ती ताळेबंद जुळवून मोकळी होई. अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा मात्र ती स्वतःच अशा एका गणितात सापडली.

तिचे वडील गिदोन आणि त्यांचे दोस्त दाऊदचाचा यांची बाजारात बेकरी होती. चाचांची बायको मुबारकबी हीसुद्धा कागदोपत्री भागीदार. गिदोन वारले तेव्हा प्रार्थना शाळेत होती. अल्पवयीन मुलीला भागीदार करता येत नाही, नफ्यात वाटा तेवढा देता येतो, म्हणून दोघांनी तिच्या नावाने तसा करार केला. त्या वाट्यावर तिचं आणि आईचं घर चाले.

आता कायदा म्हणत होता, सहा महिन्यांत जाहीर नोटीस देऊन सांग, भागीदार होतेस की नाही. गप्प बसलीस तर होकार धरू.

अडचण अशी, की मधल्या काळात बेकरीने नव्या भट्टीसाठी कर्ज काढलं होतं. सावेडीतल्या सीए आरतीताईंनी समजावलं, की नाही म्हटलंस तर फार तर बेकरीतला तुझा वाटा अडकेल. हो म्हटलंस तर या जुन्या कर्जालाही तू जबाबदार, आणि वडिलांनी तुझ्या नावावर केलेलं घरही त्यात आलं. प्रार्थनाने मान डोलावली. परतीच्या एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की शब्द सगळे कळलेत, पण करायचं काय ते तिळभर कळलेलं नाही.

तिच्या आईला, मरियाला, काही शंकाच नव्हती. घर गेलं तर राहायचं कुठं, एवढंच ती विचारी. प्रार्थनाला ते पटलं. नकार सांगायला ती बेकरीत गेली, तर दाऊदचाचांनीच आधी विषय काढला.

"बेटा, तू न्हाई म्हन," ते म्हणाले. "तुझा हिसाब करून देतो."

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती घरापर्यंत एकच विचार करत आली: चाचा आपल्याला वाचवताहेत, की बापाची जागा त्यांना मोकळी हवी आहे? ज्यांच्या मांडीवर बसून खारी खाल्ली त्यांच्याबद्दल असं मनात आलं याची तिला लाज वाटली, पण विचार काही जाईना. हिशेब बघायचा तिला हक्क होता. तिने तो मागितला. मुबारकबीने वह्या आणि चहा समोर ठेवला आणि ती गिऱ्हाइकांकडे निघून गेली. हिशेबात काहीच वावगं नव्हतं, आणि त्यामुळे ती आणखीच चक्रावली.

नाताळ जवळ आला. घरोघरच्या बायका केकचं मिश्रण डब्यांत घालून भाजायला आणू लागल्या, तशी प्रार्थना दरवर्षीप्रमाणे मदतीला गेली. तिचं लक्ष नव्हतं. एकीचा केक तिने दुसरीला दिला, आणि चाचांना मागे धावून तो बदलून आणावा लागला. गर्दी ओसरल्यावर तिने विचारलंच.

"चाचा, तुम्ही मला वाचवताय की काढताय?"

दाऊदचाचांनी हात पुसले.

"दोन्ही असंल," ते म्हणाले. "भट्टीचा हट्ट माझा हुता. गिदोननं घेऊ दिली नसती. तू हितं आलीस तर मला रोज ते आठवंल."

या उत्तराने तिचा गुंता सुटला नाही. पण एवढं खरं बोलणाऱ्याबरोबर धंदा करता येईल, असं तिला वाटलं. यापुढे माझ्या सहीशिवाय कर्ज काढायचं नाही, एवढं करारात घालून घेतलं आणि तिने होकाराची नोटीस दिली. मरियाने कितीतरी दिवस अबोला धरला. मग एकदा स्वतःच बेकरीत येऊन मुबारकबीशेजारी टोस्ट पिशव्यांत भरायला बसली.

कर्जाचे हप्ते चालू आहेत, कधी वेळेवर, कधी उशिरा. बरोबर केलंस का, असं कुणी विचारलं की प्रार्थना अजून दोन वेगळी उत्तरं देते, आणि दोन्ही मनापासून.