नव्वदावी गाठ

अजूनही कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर कॅलेंडरसाठी ‘कॅल’ टाइप केलं आणि महिन्याचे आकडे ओळीने उमटले, की मला चुलीच्या धुराचा वास येतो. मोखाड्यात मी नुकताच कॉम्प्युटर क्लास काढला होता, आणि वीज असेल तोवर माझा रुबाब काही विचारू नका. एका बाजाराच्या दिवशी पोशेऱ्याकडची एक बाई दारात येऊन उभी राहिली. लुगड्याला धुराचा वास, हातात गाठी मारलेली सुतळी. तिचा नवरा दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला वीटभट्टीवर गेला होता. मुकादमाने नव्वद दिवसांचं काम सांगितलं होतं, म्हणून ती रोज एक गाठ मारत होती. “सर, तुमची मशीन दिस सांगते म्हणं. बघा ना, किती रायले?” मी ऐटीत एकेक महिना पडद्यावर आणला आणि बोट ठेवून मोजत गेलो. नव्वद दिवस उलटून वर बारा झाले होते; सुतळीवरच्या गाठी मोजल्या, तर त्या एकोणनव्वदच. ते मी मोठ्याने सांगून बसलो, आणि शहाणपणाने म्हणालो, “बाई, तुम्ही गाठी मारायला विसरलात.” तिने सुतळी मुठीत घट्ट धरली. “इसरली नाय, सर. नव्वदावी मारलीच नाय मी. ती मारली, मंग उद्या कोनाची वाट बघू?” मी ‘क्लिअर’ टाइप करून पडदा पुसला, जणू त्याने काही झालं असतं. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. आता कुणी दिवस मोजून मागितले, तर मी आधी विचारतो, कशासाठी?