राणीचं कव्हर

"सैल सोड," असं म्हणत सिस्टर स्पिरिटचा बोळा दंडावर, नाहीतर कमरेवर, दोनदा गोल फिरवायच्या, आणि सोडावं की न सोडावं हा आपला विचार होईपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. टोचल्याचं कळायचंच नाही. रिसोडात ज्याला म्हणून कधी ताप आला, खिळा रुतला किंवा कुत्रं चावलं, त्याने हे दोन शब्द ऐकलेले आहेत. तुम्ही आमच्या गावचे असाल, तर आत्ताही तुमचा हात नकळत कमरेकडे गेला असेल. लाजू नका, माझाही गेला.

त्यांना नाव होतं, पण ते वापरायची वेळ कधी कुणावर आली नाही. मार्केट यार्डाजवळच्या एका खासगी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान आणि दुकानामागे आमच्या मंडळाची खोली. गणपतीचे दिवस सोडले तर त्या खोलीत वर्षभर कॅरम चाले. दुपारी दवाखान्याचं शटर पडलं, की सिस्टर जेवणाचा डबा घेऊन तिथे येत. त्या खेळत नसत. भाकर खाता खाता आमचा पाणउतारा मात्र करत.

"अरे, स्ट्रायकर हाये का सब्बल? इतक्या जोरानं कायले मारून राह्यला?"

कॅरममध्ये लाल राणी घेतली, की लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी घालावी लागते. तिला कव्हर म्हणतात. ते जमलं नाही तर राणी परत मधोमध. आमच्यातला कुणी राणी घेऊन कॉलर ताठ करी आणि कव्हर चुकवी, तेव्हा सिस्टरचं ठरलेलं, पंचक्रोशीत पसरलेलं वाक्य येई, "राणी एकटी घरी नाई जात, बाबू. मांगं कोणीतरी पाह्यजे."

मग जिल्हा लीगची निवड स्पर्धा तोंडावर आली आणि माझा जोडीदार मोटारसायकलवरून पडला. उजवाच हात मोडला. जिंकणारी जोडी वाशिमला जिल्ह्यावर खेळायला जाणार होती. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. त्याच्या प्लास्टरचा चुना अजून सिस्टरच्या बोटांना होता. तशाच त्या आल्या.

"हात त्याचा मोडला, बोर्ड त नाई मोडला. मी बसते."

मला वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी स्ट्रायकर ठेवला, बोट नुसतं टेकवलं न टेकवलं, आणि सोंगटी कुरकुर न करता भोकात गेली. मग दुसरी. मग तिसरी. मी विचारलं, "सिस्टर, तुमी हे शिकल्या कधी?"

"माह्यं जेवण झाल्यावर तुमी जेवाले जाता, तवा खोली रिकामीच राह्यते नं!"

खरी गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. दिवाळीनंतर नोकरी सोडून त्या नाशिकला लेकीकडे जाणार होत्या, कायमच्या. "वाशिमले मी कायम पेशंट घेऊनच गेली," त्या म्हणाल्या. "सलाईन धरून. एकडाव मले तिथं सोताच्या कामानं जायचं हाये." एवढंच. पण इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि माझी झोप उडाली.

नाव नोंदवायला गेलो, तर आयोजक म्हणाले, "महिला दुहेरी नाही आपल्याकडं."

"मंग मी कुठं महिला दुहेरी म्हटलं?" सिस्टर म्हणाल्या. "हा पुरुष, मी बाई. झालो नं दुहेरी?" आयोजकांचं डोकं खाजवून झालं आणि नाव लागलं. अर्थात, त्यांच्या तिन्ही पोरांच्या लशी सिस्टरनेच टोचल्या होत्या, हेही सांगायला हवं.

स्पर्धा मंगल कार्यालयात झाली. आम्ही कसेबसे, म्हणजे त्या खेळून आणि मी घाम पुसून, शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर शिरपूरचा ठेकेदार आणि त्याचा मेहुणा. ठेकेदार म्हणजे दारातून आडवा शिरणारा गडी. खेळ मात्र पक्का. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात ठेकेदार अगदी सोप्या सोंगटीवर वाकला, आणि सिस्टर सवयीने पुटपुटल्या, "सैल सोड."

ठेकेदाराचं सगळं अंग दचकलं. स्ट्रायकर सरळ भोकात. फाऊल.

"पंच!" तो उठलाच. "ह्या बोलून राह्यल्या!"

"काय बोलल्या?"

ठेकेदाराला ते चारचौघांत सांगता येईना. एकदा टायफॉइडमध्ये आठवडाभर त्याने सिस्टरकडून कमरेत इंजेक्शनं घेतली होती, आणि पहिल्या दिवशी सुई पाहूनच तो आडवा झाला होता. सिस्टरने ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. मेहुण्याने त्या दिवशी खदखदून हसत सगळ्या कार्यालयाला सांगितली. पंचही हसले, पण नियम तो नियम. "सिस्टर, आता तोंडातून एकही शब्द नको."

सिस्टरने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

तिसऱ्या डावाच्या शेवटच्या बोर्डला माझ्याकडून राणी गेली. खोटं कशाला बोलू, नेम दुसरीकडेच होता. आता आमची एकच पांढरी सोंगटी उरली होती, डाव्या भोकाजवळ, डोळे मिटून घालावी अशी. ती गेली तर वाशिम. चुकली तर राणी परत मध्ये आणि पाळी ठेकेदाराची, आणि तो आता चिडलेला. सोपी सोंगटी फार वाईट. अवघड चुकली तर लोक हळहळतात, सोपी चुकली तर जन्मभर आठवण काढतात. माझी बोटं लाकडाची झाली.

दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात. मी समोर पाहिलं. सिस्टरचे ओठ मिटलेलेच. त्यांनी हळूच उजवा हात उचलला आणि अंगठा स्वतःच्या डाव्या दंडावर दोनदा गोल फिरवला.

पंचांनी पाहिलं. पण स्वतःच्या दंडावर अंगठा फिरवायला नियमात बंदी नव्हती. मी श्वास सोडला, खांदा सोडला, बोट सोडलं. सोंगटी कधी गेली ते मला कळलंच नाही. आरडाओरड्याने कळलं. ठेकेदार तेवढा कंबर चोळत बसला होता.

वाशिमला आम्ही पहिल्याच फेरीत सपाटून हरलो. मला रडू येत होतं, आणि सिस्टर बस स्टँडबाहेर आलूबोंड्यावर तर्री ओतून घेत होत्या. "पाह्य, वाशिमले आली अन् हातात सलाईनची बाटली नाई!" त्यांनी दोन्ही हात हवेत नाचवून दाखवले. आलूबोंडेवाला बघतच राहिला. इतकं आनंदाने हरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दिवाळी झाली. नाशिकच्या बसची वेळ त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, तरी सकाळी स्टँडवर अर्धं गाव हजर. प्लास्टर उतरलेला माझा जोडीदार, आयोजक, पंच, सगळे.

"एवढे जण कायले आले? मेली नाई मी अजून!"

त्या खिडकीशी जाऊन बसल्या. तेवढ्यात शिरपूरचा ठेकेदार बसमध्ये चढला आणि बाकाचा उरलेला भाग व्यापून त्यांच्या शेजारी टेकला.

"तुमी कुठं?"

"मेहकरलोक." त्याने वाटेतल्या मेहकरपर्यंतचं तिकीट दाखवलं. "राणी एकटी घरी नाई जात, सिस्टर."

सिस्टर मोठ्याने हसल्या. मग हसता हसता पिशवीत रुमाल शोधायला लागल्या आणि तो बराच वेळ सापडला नाही.

कंडक्टरने डबल बेल दिली. खिडकीचा गज माझ्या हातात होता, आणि बस हलली तरी तो सुटेना. सिस्टरने वरून माझ्या मुठीवर अंगठा दोनदा गोल फिरवला.

"सैल सोड," त्या म्हणाल्या.

मी सोडलं. त्या दिवशी मात्र टोचल्याचं कळलं.