भूकंपानंतरची हाक

आईला सांगलीला न्यायचे ठरले त्या सकाळी तिने घराला कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले आणि गाडीत बसण्याऐवजी वरच्या घराकडे तोंड करून ती उभी राहिली. त्या घरात हौसाकाकू एकट्या राहतात. निरोप द्यायला त्या खाली उतरल्या नव्हत्या. अखेर ओसरीवरूनच म्हणाल्या, “जावा, जावा. लेकीकडं लिफ्ट हाय म्हणं.” टोमणा आईला लागला. उंब्रजला हमरस्ता येईपर्यंत ती घराची किल्ली हातात धरून होती.

मी स्वतः ते गाव सोडले त्याला बरीच वर्षे झाली. सांगलीत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि एकटी राहते. आईचे गुडघे थकले तशा माझ्या सुट्टीतल्या फेऱ्या वाढल्या, आणि त्या फेऱ्यांनी मीही थकले. तिने कायमचे माझ्याकडे राहावे, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेत माया होती, तसा माझा स्वतःचा विसावाही होता.

खोऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आमचे गाव कोयनेच्या बाजूला आहे. तिथे जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजतात, पत्रा थरथरतो, कोंबड्या ओरडतात आणि मग पुन्हा सगळे शांत होते. आईच्या तरुणपणी मोठा भूकंप झाला, तेव्हा कोण कुठे अडकले आहे हे कळण्यातच फार वेळ गेला. तेव्हापासून आमच्या आळीने एक रीत घालून घेतली. हादरा थांबला की आधी दार सताड उघडायचे, कारण चौकट वाकली तर ते मागाहून उघडत नाही. मग सर्वांत वरच्या घराने खालच्या घराला हाक द्यायची, “हाय का?” खालच्या घराने आपल्याकडची सुखरूप माणसे मोजून आकडा सांगायचा आणि हाक पुढे, आणखी खाली द्यायची. वडील म्हणत, “आदी आकडा, मग रडणं.”

सांगलीतली भीती निराळी. इथे संकट येते ते नदीकडून. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला महापुराची पुरती तालीम आहे: कागदपत्रांची पिशवी उचलायची, गॅसची टाकी वर चढवायची आणि उंच जागा गाठायची. जमीन हलण्याची तालीम मात्र कोणालाच नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी वह्या तपासत असताना बंद पंखा हळूच झुलू लागला आणि टेबल हाताखालून सरकल्यासारखे वाटले. मला काय झाले ते समजण्याआधी आई दारापाशी पोहोचली होती. तिने दार उघडले, तर जिन्यात सगळे वर धावत होते. समोरचे मगदूमकाका, हळदीचे व्यापारी, पुरासाठी भरून ठेवलेली पिशवी छातीशी धरून गच्चीकडे निघाले होते.

“आवं भाऊ, वर कुटं निघालाय?” आई उंबऱ्यातून ओरडली. “पाणी न्हाई आलं, जिमीन हालली!”

काका मधल्या पायरीवर थबकले. “मग काय करायचं म्हणता, आजी?”

“मोकळ्यात जावा की! इमारतीच्या डोक्यावर बसून काय करनार?”

कोणीतरी हसले आणि सगळी गर्दी उलट फिरली. आई मात्र हलली नाही. तिने कठड्यावरून वाकून खाली हाक दिली, “हाय का?” माणसे तिच्या शेजारून उतरत राहिली. एक तरुण सूनबाई चालता चालता म्हणाली, “सगळे आहेत आजी, चला तुम्ही.”

“समदे म्हंजे किती?”

सूनबाई तोवर खालच्या मजल्यावर पोहोचली होती. मी तिचा हात धरून तिला खाली नेले.

इमारतीच्या आवारात उभ्या असतानाच हौसाकाकूंचा फोन आला. आईला नीट ऐकू यावे म्हणून मी स्पीकर लावला.

“हाय का गं?”

“हाय. तुमच्याकडं?”

“लय न्हाई हाललं. पर मी हाक दिली तर खालनं कायबी आलं न्हाई. तुजं दार बंद, त्येच्या खालचं मुंबईला गेल्यालं. म्होरलं घर पार नळापाशी. माजा आवाज पोचतोय व्हय तितवर? कवाची अंगणात बसलीया.”

“मग आत जा की, थंडी हाय.”

“आकडा मिळाल्याबिगर कशी जाऊ?”

आईने फोन माझ्या हातात दिला. रात्री जेवताना ती म्हणाली, “मला गावाकडं सोड.” मी मुद्देसूद बोलले. गुडघे, औषधे, न्हाणीघराची उंच पायरी, दूरचा दवाखाना, सगळे क्रमाने मांडले. तिने ते मन लावून ऐकले. “ते समदं खरं हाय,” ती म्हणाली, “पर ती तितं वर बसलीया.” पुढच्या सुट्टीला मी तिला परत नेऊन सोडले. माझ्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

अशाच एका फेरीत, रविवारी दुपारी, चहा गाळताना ओट्यावरच्या कपबश्या किणकिणल्या. पत्रा थरथरला आणि थांबला. आईने गुडघ्यावर हात रोवून उठत दार उघडले. वरून हाक आली. आईने खणखणीत आवाजात उत्तर दिले, “हाय! येक!”

मी तिच्या मागेच गाळणी हातात धरून उभी होते. तिचे माझ्याकडे लक्ष गेले आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग घाईघाईने ओरडली, “थांब गं, थांब! दोन हायती! पर येक पावनी हाय!”

“कळलं, कळलं,” वरून हसत उत्तर आले. “पावनी म्हंजे मास्तरीणच न्हवं?”

आई ओशाळली आणि हाक देण्यासाठी नळाच्या दिशेने वळली. मला आईच्या उत्तरात चूक सापडली नाही, आणि चुका शोधणे हे तर माझे रोजचे काम आहे. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडले आहेत त्यांना सांगते, मला वाईट वाटले ते ‘पाहुणी’ या शब्दाचे नव्हे. सांगलीत माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पण त्या दाराआड किती माणसे आहेत, असे आजवर कोणी विचारलेले नाही. इथे निदान मला बाहेरची म्हणून का होईना, मोजले गेले.

सोमवारी शाळा होती. मी पहाटेची एस.टी. धरली. गाडी खोऱ्याबाहेर पडली असेल-नसेल, तोवर आमच्या घराचा आकडा पुन्हा एक झाला होता.