पौडच्या पुढची हॅचरी आणि काकूंचं ओलं फडकं

सुट्टीच्या दिवशी माझा जीव घरात टिकत नाही. मी मूळची लातूरची, नोकरी हिंजवडीत, राहते माणला भाड्यानं. शनिवारी सकाळी उगाच खालीवर करत होते, तर जिन्यात घरमालक लक्ष्मणकाका भेटले. चेहरा पार उतरलेला. त्यांनी पौडच्या पुढं हॅचरी टाकलीय. मशिनमध्ये अंडी उबवायची आणि पिल्लं विकायची. पण गेल्या दोन खेपांची पिल्लं बेंबी ओली राहून चौथ्या-पाचव्या दिवशी पटापट मेली. तिसरी खेप त्याच दुपारी चारला मशिनला लागणार होती.

"गिऱ्हाइकं म्हनत्यात, आता बी मेली तर दुसरीकडनं आणू. मग कुलूपच की! तुमी येता का ताई? सुनंला जरा बरं वाटंल."

मला काय, निमित्तच हवं होतं. काका बुलेटवर पुढं, मी स्कूटीवर मागं. जाणाऱ्यांनी हिंजवडीच्या गर्दीत अजिबात शिरू नका, माणवरून घोटवडे आणि मग पौड धरा. रस्ता मधेमधे उखडलाय, कंबर सांभाळा. पौडला मिसळ खा, सोबत दही मागा. दोनशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं.

हॅचरीत सहज पाय ठेवू देतील तर शपथ! चप्पल बाहेर, मोबाईल बाहेर, डोक्यावरून आंघोळ, त्यांचेच कपडे, वर औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे.

"अगं, सकाळीच केलीय आंघोळ!"

"ती तुमच्या घरची," काकांची सून सुरेखा म्हणाली. हॅचरी तीच चालवते. "हितली करा."

आत अंड्यांची खोली, मग मशिनं, मग पिल्लांची खोली. पुढं जायचं, मागं फिरायचं नाही. मी दोनदा मागं फिरले, दोनदा तिनं दंडाला धरून आणलं. "कवचाला बारीक भोकं असत्यात ताई. पाणी लागलं की वरची घाण आत जाती, पिल्लाची बेंबी वाळत न्हाई. म्हनून मळकं अंडं मी घेतच न्हाई. भिंती, पंखे, ट्रे, समदं तपासून घेतलं. कुटंच काय सापडंना वो!"

पिठलं-भाकरी झाल्यावर मी परत भटकायला लागले. शंभर पावलांवर कोंबड्यांची शेड आहे. तिकडची माणसं इकडं यायची नाहीत, इकडची तिकडं जायची नाहीत, हा सुरेखाचाच नियम. तिकडची अंडी गोळा करून ट्रेत लावून धाडायचं काम काकूंकडं, म्हणजे तिच्या सासूकडं. आंब्याखाली काकू बादली घेऊन बसल्या होत्या आणि घाणीनं बरबटलेलं अंडं ओल्या फडक्यानं मायेनं पुसत होत्या.

"काकू, हे काय?"

"भुईवर घातल्यालं हाय, माखलंय. असंच धाडू व्हय सुनंकडं? म्हनंल, सासू गबाळी."

सांगू की नको? यांच्या घरात मी कोण, भाडेकरू! दोन फेऱ्या मारल्या, घड्याळ पाहिलं, साडेतीन. शेवटी सुरेखानं सांगितलेलं भोकांचं सगळं सांगून टाकलं.

फडकं बादलीत पडलं.

"म्हंजी... मीच मारली व्हय ती पिल्लं?"

मलाच रडू फुटलं. काकू मात्र उठल्या, तरातरा हॅचरीच्या दारापाशी गेल्या, आत पाऊल न टाकता ओरडल्या, "सुरेखा, थांब! ट्रेच्या कडंच्या ओळी काढ समद्या! पुसल्याली मी तितंच लावते!"

सुरेखा दारात आली. आता भांडण पेटणार, मी मनात म्हटलं.

"आदी सांगायचं न्हाई व्हय, आत्याबाई?"

"तू इचारलंस कवा?"

मग सुरेखानं कडेच्या ओळी मोजून बाहेर काढल्या, आणि मशिन तासभर उशिरा लागलं.

घरी आले खरी, पण एकवीस दिवस चैन नाही. मीटिंगमध्येसुद्धा हात मोबाईलकडं. एकविसाव्या दिवशी सुरेखाचा फोन आला: काकू आयुष्यात पहिल्यांदा तिथली आंघोळ करून आत गेल्या, आणि एकेक पिल्लू उलटं धरून बेंबी पाहिली. कोरडी! पण पुढचे पाच दिवस राहिलेच होते. सहाव्या दिवशी मीच फोन लावला.

"तक्रारीचा एक बी फोन न्हाई आला, पोरी!" काकू हसल्या. मी अक्षरशः खुर्चीतून उडाले.

मग त्यांनीच विचारलं, "पर त्या आदीच्या पिल्लांचं काय गं?"