पहिली हाक

आमच्याकडे भर दुपारी कुणी एकदाच हाक मारली तर ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस असेल तर पुन्हा मारील. हे मला आईनेच लहानपणी शिकवलं.

गेल्या वर्षी नववीला एक जुनी इंग्रजी गोष्ट शिकवत होतो. मेलेला भागीदार साखळदंड ओढत जिवंत भागीदाराच्या घरी येतो. फळ्यावर लिहिलं, ‘भूत हे सदसद्विवेकबुद्धीचं प्रतीक.’

“मग आमच्या वडावरचो भूत कसला प्रतीक, सर?” मागून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला, मीही हसलो. पुढच्या बाकावरची मुलगी मात्र गंभीर होती. “सर, त्या भुतान हाक कितीदा मारल्यान?”

“हाक नाही मारत तो. सरळ आत येतो,” म्हणालो, आणि पुढचं शिकवताच येईना.

त्याच्या बारा वर्षं आधी वडील घरामागच्या काजूच्या बागेत कोसळले. भर दुपारी मी पडवीत पेपर तपासत होतो. हाक आली. आवाज ओळखला. पण चार माणसांत त्यांनी मला पुस्तकी गाढव म्हटलं होतं, आठ दिवस बोलणं बंद होतं. म्हटलं, मारू दे अजून एकदा. दुसरी हाक आली नाही. अर्ध्या तासाने गेलो, तोवर संपलं होतं.

लोकांना सांगितलं, मला भूत वाटलं. भुताखेतांना हसणारा मास्तर मी, तरी सगळ्यांनी मानलं. “बरां केलंस, ओ दिलंस नाय,” शेजारची काकी म्हणाली. दिवसकार्य उरकल्यावर आई म्हणाली, “मीच तुका शिकयलंय रे. माझ्याच तोंडान गेले ते.”

मी तिची समजूत घातली. खरं सांगितलं नाही. तेव्हापासून ती कुणाच्याही पहिल्या हाकेला धावायची, दुखऱ्या गुडघ्यांनी, चुलीवरचं तसंच टाकून. हे मी बारा वर्षं बघत आलो होतो.

ती गोष्ट शिकवली त्या दिवशी शाळा सुटल्यावर धामापूरच्या एसटीने घरी आलो. आई पडवीत तांदूळ निवडत होती.

“आये, ती हाक त्यांचीच होती. माका ठावक होता. रागान उठलंय नाय.”

तिचा हात सुपातच राहिला.

“काय म्हणाले?”

“झिला, हय ये.”

बापाने मुलाला जवळ बोलावलेले हे शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते.

“म्हणजे माझां काय चुकला नाय,” म्हणाली. सूप उचलून आत गेली. जरा वेळाने आतून आवाज आला, “जेवान तुझां तू वाढून घे.”

असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. मी उठलो आणि वाढून घेतलं.