लेकीच्या घरचं पाणी

डहाणूला जायचं ठरलं की माई आधी गाड्यांच्या वेळा विचारत नसत, आपल्याला भूक कधी लागेल याचा हिशेब मांडत. सकाळी घरातून निघालं की विरारला गाडी बदलायची, पुढे पालघर येईपर्यंत भूक लागते, म्हणजे डबा गाडीतच खाऊन होतो. मुलीच्या दारात भरल्या पोटी पोचायचं आणि दुपारच्या चहाचं आधण चढायच्या आत तिथून उठायचं. "जेवाण टाळूक येता गो," त्या मला सांगायच्या. "च्या टाळणा कठीण. च्या कोण विचारीत नाय, सरळ हातात आणून देतत."

शालू ही माईंची एकुलती एक मुलगी, डहाणूच्या एका शाळामास्तरांना दिलेली. आमच्या लोकांत तेव्हा मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापांना चालत नसे. पुष्कळांनी सोयीसोयीने हे ढिलं करत आणलं होतं. कुणी चहाला अन्नात धरत नसे, कुणी फळांना. माईंनी मात्र काहीही ढिलं केलेलं नव्हतं. शालूच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि तिला मूल नव्हतं.

मी लग्न होऊन बोरिवलीच्या बैठ्या चाळीत आले तेव्हा माई शेजारच्या खोलीत मुलाबरोबर राहत. मुलाला कचेरीतून सुट्टी मिळायची नाही, म्हणून डहाणूला सोबत म्हणून मी जाऊ लागले. मुंबई म्हणजे राज्याची राजधानी. आमच्याकडे साताऱ्याहून पाहुणे यायचे ते राणीची बाग आणि चौपाटी बघितल्याशिवाय परत जायचे नाहीत. माईंनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं आणि पाहायची हौसही नव्हती. त्यांच्या लेखी मुंबई म्हणजे जिथून डहाणूला गाडी जाते ते गाव.

गाडीत फिरकीचा तांब्या माझ्या मांडीवर आणि डबा त्यांच्या. तिसरी पिशवी शालूसाठी असायची, त्यात आमसुलं, कुळथाचं पीठ, खोबऱ्याच्या वड्या. द्यायला काही आडकाठी नव्हती. शालूही शहाणी. आईसमोर ती कधी कप आणायची नाही, नुसती जवळ बसून पंख्याने वारा घालायची आणि दोघी कोकणातल्या कुणाकुणाची लग्नं, बाळंतपणं उकरून काढत बसायच्या. बाळंतपणाचा विषय निघाला की माईच तो घाईघाईने बदलत. मी मात्र मास्तरांच्या आईने दिलेला चहा पीत असायचे, आणि तो घशाखाली उतरवताना मला चोरट्यासारखं व्हायचं.

एका उन्हाळ्यात परतीची गाडी फार रखडली. शालू आम्हाला पोचवायला स्टेशनवर आली होती. आमचा तांब्या कधीच रिकामा झाला होता आणि माईंचे ओठ सुकले होते. शालूने पदराआडून पाण्याचं भांडं काढलं. घरून निघतानाच तिने ते झाकून आणलं असावं.

"आई, हे काही माझं घर नाही. स्टेशन आहे. घे."

माईंनी भांड्याकडे बघितलं. "पाणी तुझ्याच घरचा मा?"

मग त्या उठल्या, फलाटाच्या टोकाला नळ होता तिथवर गेल्या आणि ओंजळीने पाणी प्यायल्या. शालू बघत होती. भांड्यातलं पाणी तिने कुंपणाशी असलेल्या झाडाच्या बुंध्याला ओतलं आणि मला म्हणाली, "वहिनी, सरकारच्या नळाचं चालतं आईला."

गाडीत बसल्यावर माझा संताप आवरेना. "एक घोट प्यायला असता तर काय आभाळ कोसळणार होतं, माई?"

गाडी वैतरणेच्या पुलावर आली. तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "मी तिच्या घरचा पाणी पिलंय तर तिका वाटतला, आवशीन आशा सोडल्यान. माका सोडूची नाय गो."

इतके दिवस मी त्यांना हट्टी, जुन्या वळणाची बाई समजत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात शालूला विषमज्वर झाला. तार आली तशा आम्ही निघालो, डबा नाही, तांब्या नाही. पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. कुणीतरी माईंपुढे पाणी ठेवलं, त्यांनी ते हाताने बाजूला सारलं. तेराव्यालाही त्या तिथे जेवल्या नाहीत. आता कशासाठी, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढे मास्तरांनी दुसरं लग्न केलं. त्यांच्यामागे तगादा माईंनीच लावला होता. तरी त्यांची नवी बायको, सुमन, तान्हं मूल घेऊन बोरिवलीला आमच्या चाळीत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिने मूल माईंच्या मांडीवर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "शालूताईंची आई ती माझीही आई. हा तुमचाच नातू. आता लेकीच्या घरी जेवायला यायला हवं."

माई कितीतरी वेळ बाळाच्या तळपायावरून बोट फिरवत राहिल्या. मग "येतंय" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. "जेवणाच्या वेळेक पोचवणारी गाडी खयची गो?" मला सांगता येईना. तशी गाडी आम्हाला कधी लागलीच नव्हती. स्टेशनवर जाऊन विचारून यावं लागलं.

सुमनने वालाचं बिरडं केलं होतं, पानाभोवती रांगोळी काढली होती. मी माईंच्या शेजारच्या पानावर बसले होते. माई सावकाश, नीट जेवल्या, पानात काही टाकलं नाही. शेवटी पाण्याचा पेला उचलला आणि भिंतीवरच्या शालूच्या फोटोकडे बघत रिकामा केला.

"तुझ्या विहिरीचा पाणी गोड आसा गो," त्या हळूच म्हणाल्या.

सुमन पाठमोरी भात वाढत होती. "हो ना, आई. भर उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही," ती म्हणाली, आणि तिने पेला पुन्हा भरला. माई तोही प्यायल्या.